मोबाईलवरचा मानसिक आधार आणि माध्यमिक शाळेतली मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत समुपदेशनाचं काम करताना हे प्रश्न वर्षभर कानावर येतात. काही पालकसभेनंतर थांबून विचारलेले, काही शिक्षकांचे, तर काही मुलामुलींनी दारात अर्धं पाऊल बाहेर ठेवून विचारलेले. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकते: ॲप किती हुशार आहे हे मी दुसऱ्यांदा बघते. त्या ॲपमागे मुलाच्या ओळखीचं कुणी मोठं माणूस आहे का, हे आधी बघते.

मोबाईलवरचा मानसिक आधार म्हणजे नेमकं काय?

या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. काही ॲप नोंदींची असतात: आज कसं वाटतंय, झोप किती झाली, चिडचिड कशामुळे झाली, हे रोज टिपायचं. काही शिकवणारी असतात. त्यात छोटे धडे, श्वासाचे व्यायाम, खेळाच्या रूपातले प्रसंग असतात. काहींमध्ये चॅटबॉट बोलतो. आणि काहींमध्ये पलीकडे खरा समुपदेशक असतो, फोनवर, व्हिडिओवर किंवा मेसेजमधून. शिवाय हेल्पलाइन आहेतच. त्यामुळे ‘ॲप चांगलं का वाईट?’ हा प्रश्न ‘गोळी घेऊ का?’ असं विचारण्यासारखा आहे. कसली गोळी, ते आधी सांगा.

याचा खरंच उपयोग होतो का?

उदासी किंवा चिंता सौम्य ते मध्यम असेल, तर होतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘स्पार्क्स’ नावाचा सात टप्प्यांचा संगणकावरचा खेळ तयार केला. त्यात मूल एका काल्पनिक जगात फिरतं आणि अंगावर येणारे निराशेचे विचार परतवायला शिकतं. मदत मागायला आलेल्या १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांवर त्याची चाचणी झाली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हा खेळ कमी पडला नव्हता. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सौम्य नैराश्य असलेल्या मुलांसाठी डिजिटल सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, एक पर्याय म्हणून दिली आहे.

आता दुसरी बाजू. दुकानात, म्हणजे प्ले स्टोअरवर, ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं लिहिलेली ॲप ढिगानं आहेत. सिद्ध झालेलं असतं ते बहुधा सीबीटीबद्दल, त्या ॲपबद्दल नाही. जिथे ॲपचीच चाचणी झालेली असते, तिथेही ती कुणावर झाली ते वाचावं लागतं. वोबॉट या चॅटबॉटचा २०१७ चा गाजलेला अभ्यास १८ ते २८ वयाच्या ७० जणांवर, दोन आठवडे चालला होता. त्यावरून तेरा वर्षांच्या मुलीबद्दल काही बोलणं धाडसाचंच आहे.

मुलं चार दिवसांत ॲप सोडून देतात. मुलांचं चुकतं की ॲपचं?

मोठी माणसंही सोडतात. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपचा प्रत्यक्ष वापर मोजणारा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. ॲप घेतल्यानंतर पंधराव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४ टक्के होतं, तिसाव्या दिवशी ३.३ टक्के. चाचण्यांमधले आकडे बरे दिसतात, त्याचं एक साधं कारण हे की तिथे कुणीतरी फोन करून विचारत असतं, ‘या आठवड्यात उघडलंस का?’

हे कुणीतरीच महत्त्वाचं. गोवा आणि दिल्लीत ‘संगात’ या संस्थेनं शाळकरी मुलांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा मोबाईल खेळ केला. प्रश्न ओळखायचा, पर्याय शोधायचे, एक निवडून करून बघायचं, अशी त्याची रीत. खेळ मुलं स्वतःच खेळतात, पण सोबत एक प्रशिक्षित समुपदेशक असतो, आणि तो मानसोपचारातला पदवीधर असायलाच हवा असं नाही. शाळांनी यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे समुपदेशकासोबतची आठवड्यातली थोडी मिनिटं. ॲप देऊन मोकळं व्हायचं असेल, तर देऊच नका.

ॲपमध्ये मूल नेमकं करतं काय? एक उदाहरण द्याल का?

समजा, एका मुलीनं मैत्रिणीला मेसेज केला. दोन निळ्या खुणा दिसल्या, पण उत्तर आलं नाही. तासाभरात तिच्या डोक्यात तयार झालं: ‘तिला माझा राग आलाय. सगळ्यांनाच मी नकोशी आहे.’ सीबीटीवर आधारलेलं ॲप तिला आधी घडलेली गोष्ट लिहायला लावतं: मेसेज वाचला, उत्तर नाही. मग मनात आलेला विचार आणि त्यावर किती विश्वास बसतोय, शंभरपैकी. ती लिहिते ९०. मग विचारतं, या विचाराच्या बाजूनं काय आहे, विरुद्ध काय आहे? विरुद्धच्या रकान्यात ती बराच वेळ काही लिहीत नाही. शेवटी लिहिते, ‘काल तिनेच वही आणून दिली होती.’ पुन्हा आकडा टाकायचा: ६०.

एवढंच. ९० चे ६० होतात, शून्य होत नाही. पण ६० वर असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ‘काल बिझी होतीस का?’ विचारू शकते. ९० वर असलेली शाळाच बुडवते.

नोंदींच्या ॲपचं काम वेगळं. एखादा मुलगा ‘मला नेहमीच वाईट वाटतं’ म्हणतो, आणि तीन आठवड्यांच्या नोंदी बघितल्या तर रविवारची संध्याकाळ आणि बुधवार एवढेच खाली गेलेले दिसतात. मग बुधवारी काय असतं, हे विचारता येतं. हा प्रश्न ॲप विचारत नाही, तो आपणच विचारायचा.

आधीच मोबाईलनं वाट लावलीय, आणि उपचारही त्यावरच?

पालकांचा हा राग समजण्यासारखा आहे, आणि तो अगदीच चुकीचाही नाही. रात्री बाराला श्वासाचा व्यायाम करायला म्हणून फोन हातात घेतला आणि दीड वाजेपर्यंत रील्स बघितल्या, हे घडतंच. किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते. ती खाऊन कुठलंही ॲप मन शांत करणार नाही.

तरीही फोनच का? कारण अडचणीत असलेलं मूल सर्वात आधी तिथेच विचारतं. आईला विचारायच्या आधी, सरांना विचारायच्या आधी, सर्चमध्ये टाईप करतं. तिथे काहीतरी बरं सापडावं, एवढाच हा खटाटोप. व्यवहारात दोन गोष्टी करा: ॲपची वेळ संध्याकाळची ठेवा, झोपतानाची नाही. आणि त्या ॲपच्या आठवण देणाऱ्या सूचना दिवसाला एकच येईल अशा लावा. ‘सलग अमुक दिवस’ मोजून एक दिवस चुकला की हिरमोड करणारी ॲप मला अजिबात आवडत नाहीत. उदास मुलाला अपयशाचं आणखी एक खातं उघडून द्यायची गरज नसते.

माझा मुलगा एआय चॅटबॉटशी मनातलं बोलतो. चालेल?

आधी दोन जातींतला फरक. जुन्या पद्धतीचे बॉट आधी लिहून ठेवलेली वाक्यंच बोलतात. कंटाळवाणे असतात, पण भलतं सहसा बोलत नाहीत. नवे एआय बॉट वाक्य जागच्या जागी तयार करतात. बोलणं इतकं गोड आणि समजूतदार की मुलाला वाटतं, याच्याइतकं मला कुणीच ऐकून घेत नाही.

अडचण त्या गोडपणातच आहे. सर्वसाधारण कामाचे बॉट समोरच्याच्या सुरात सूर मिसळतात. ‘माझ्या घरच्यांना मी नकोच आहे’ असं लिहिलं तर ते सहानुभूती दाखवतात, पण त्या घरातलं त्यांना काही माहीत नसतं. चांगला समुपदेशक कधीकधी गप्प बसतो, कधी अवघड प्रश्न विचारतो, आणि ‘आज इथेच थांबू’ असं म्हणतो. बॉट कधीच थांबू म्हणत नाही.

धोका ओळखला गेल्याची चिन्हं आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये एआयनं थेट मानसोपचार देण्यावर कायद्यानं बंदी घातली. कॅरेक्टर एआय या कंपनीनं त्याच वर्षाच्या अखेरीस १८ वर्षांखालच्या मुलांसाठी बॉटशी मोकळ्या गप्पा बंद केल्या.

मग मुलाला काय सांगायचं? फोन हिसकावू नका. एवढं विचारा: ‘त्याच्याशी बोलून झाल्यावर तुला कुणा माणसाशी बोलावंसं वाटतं, की वाटेनासं होतं?’ एक उपयोग मला मान्य आहे, तो रंगीत तालमीचा. ‘नापास झालो हे बाबांना कसं सांगू?’ हे बॉटसोबत चार वेळा घोळवून मग बाबांना सांगितलं, तर बॉटचं काम चोख झालं.

शाळेसाठी ॲप निवडताना काय बघायचं?

तारे आणि परीक्षणं बाजूला ठेवा. एका मोठ्या माणसानं स्वतःच्या फोनवर ते ॲप घ्यावं आणि संध्याकाळभर मूल होऊन वापरावं.

ॲपमध्ये लिहायची सोय असेल तर त्यात ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं लिहा. मग मुलं खरंच जसं बोलतात तसं लिहा: ‘मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल’, ‘सगळं संपवून टाकावंसं वाटतंय’. हीच वाक्यं रोमन लिपीतल्या मराठीत लिहा, कारण मुलं तशीच टाईप करतात. ॲपनं लगेच हेल्पलाइन दाखवली का? दाखवलेला नंबर तुमच्या देशात लागतो का? की ‘छान! आणखी सांग’ असं उत्तर आलं? तसं उत्तर आलं तर ॲप तिथेच काढून टाका, पुढचं काही बघायची गरज नाही.

मग खातं पुसून बघा. पुसण्याची सोय तीन पडद्यांमागे दडवली असेल तर त्यातून कंपनीचा स्वभाव कळतो. नेट नसताना काय चालतं, ते बघा. फुकट म्हणून सुरू होऊन नेमक्या अवघड क्षणी पैसे मागतं का, तेही बघा. ॲप कुणी केलं, त्यात मुलांच्या मानसोपचारातलं कुणी आहे का, शेवटची सुधारणा कधी झाली, हे सगळं पाच मिनिटांत सापडायला हवं.

मुलानं लिहिलेलं कुठे जातं?

प्रामाणिक उत्तर: ॲपवर अवलंबून, आणि बऱ्याचदा भलतीकडे. मोझिला फाउंडेशननं २०२२ मध्ये ३२ मानसिक आरोग्य आणि प्रार्थनेची ॲप तपासली. त्यातल्या २८ वर खासगीपणाबाबत इशारा द्यावा लागला. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीनं ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिल्याच्या तक्रारीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. फिनलंडमधलं प्रकरण तर अंगावर काटा आणणारं आहे. वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या कंपनीतून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० मध्ये चोरानं थेट रुग्णांनाच ईमेल पाठवून पैसे मागितले.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. त्या कायद्यानुसार त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि काही अपवाद सोडले तर मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. अमेरिकेत अशी संमती १३ वर्षांखालच्या मुलांसाठी लागते. कायदा काहीही असो, मुलांना मी सांगते ते असं: खरं नाव नको, शाळेचं नाव नको, दुसऱ्या मुलाचं नाव तर नकोच नको. संपर्कयादी, फोटो, ठिकाण यांची परवानगी मागितली की ‘नाही’ दाबायचं. श्वास शिकवायला माझ्या संपर्कयादीचं काय काम?

मी वापरलं तर आई-बाबांना कळेल का?

(हा प्रश्न मुलांचा, म्हणून उत्तरही मुलांनाच.)

शाळेनं दिलेलं ॲप असेल तर शिक्षकांना काय दिसतं, हे सुरू करायच्या आधी विचार. तुझा तो हक्क आहे. बहुतेक ठिकाणी तू लिहिलेला मजकूर दिसत नाही, फक्त किती वेळा उघडलं ते दिसतं. पण गृहीत धरू नकोस, विचार. समुपदेशक म्हणून मी तुझं बोलणं तुझ्यापाशी आणि माझ्यापाशीच ठेवते. तीन वेळा मात्र ठेवू शकत नाही: तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्याकडून दुसऱ्याच्या जिवाला असेल, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर ते पोलिसांपर्यंत पोहोचवणं भारतात पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. तेव्हाही तुला न सांगता मी परस्पर काही करणार नाही.

मुलीचा फोन गुपचूप बघितला तर काय बिघडलं?

पकडलं गेलात तर पुढची दोन वर्षं ती काही सांगणार नाही. जिवाचा धोका वाटत असेल तर तिच्या समोर, तिला सांगून बघा.

ॲपमधल्या प्रश्नावलीत जास्त गुण आले. म्हणजे मला डिप्रेशन आहे?

नाही, अजून काहीच ठरलेलं नाही. पीएचक्यू-९ सारख्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त आले की ‘याकडे नीट बघायला हवं’ असा त्याचा अर्थ. परीक्षेच्या आठवड्यात, तापातून उठल्यावर, घरात दुःख झाल्यावर गुण वाढतातच. निदान करायचं काम माणसाचं, तेही भेटून.

शिक्षकांसाठी एक सूचना मात्र ठळक अक्षरांत लिहावी अशी: नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, त्या प्रश्नाला शून्याहून जास्त उत्तर असेल तर त्याच दिवशी मुलाशी बोला. शनिवारी भरलेला फॉर्म सोमवारी बघणार असाल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच आपल्याला नाही.

संपूर्ण वर्गाला एकदमच ॲप द्यावं का?

मोह होतो, कारण त्यात कुणाला वेगळं काढावं लागत नाही. पण ब्रिटनमध्ये ८,००० हून जास्त शाळकरी मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवायला शिकवणाऱ्या, तासांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शाळेत आधीपासून जे चालू होतं, त्यापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ते तास वर्गातले होते, मोबाईलवरचे नव्हते, तरी धडा लागू पडतो. सगळ्यांना माहिती जरूर द्या, ॲप मात्र ज्याला हवं आहे त्याला द्या. ‘कुणाला हवंय?’ हे मात्र भर वर्गात विचारू नका.

स्वतःचा मोबाईल नसेल तर?

घरात सगळ्यांचा मिळून एकच फोन असेल तर त्यावर मनातलं लिहिणं म्हणजे भावंडांच्या हाती डायरी देणं. अशा मुलांसाठी शाळेतला टॅबलेट, बंद दार आणि ठरलेली वेळ. तेही जमत नसेल तर वही. वरचं निळ्या खुणांचं उदाहरण वहीत चार रकाने आखूनही तसंच होतं.

मूल मरणाबद्दल बोललं किंवा लिहिलं तर?

इथे ॲपचं काम संपतं. सरळ विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती खरी नाही. अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही, उलट मुलांना हायसं वाटतं. व्याख्यान देऊ नका, ‘आमचा विचार केलास का?’ असं म्हणू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि जिवाला अपाय करता येईल अशा वस्तू हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या.

भारतात टेली-मानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मराठीतूनही चालते. मुलांसाठी १०९८ आहे. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये मुलांसाठी ०८०० ११११. जीव तातडीनं धोक्यात असेल तर आधी आपत्कालीन सेवा, भारतात ११२. नंबर फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसायला हात थरथरतात.

मित्रानं मला रात्री ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहून पाठवलं आणि ‘कुणाला सांगू नको, शपथ आहे’ म्हणाला. काय करू?

सांग. आत्ताच, घरातल्या मोठ्या माणसाला. शपथ मोडल्याबद्दल तो काही दिवस चिडेल, चिडू दे. त्याला लिही, ‘मला तुझी काळजी वाटली म्हणून सांगितलं.’ त्याला रात्रभर जागं राहून सांभाळणं हे तुझं काम नाही. आणि हे सगळं झाल्यावर तूही येऊन बोल, कारण असा मेसेज वाचणाऱ्यालाही त्रास होतो.

कोणत्या मुलांना ॲप पुरणार नाही?

स्वतःला इजा करणारी, खाणं जवळजवळ बंद केलेली, नसलेले आवाज ऐकू येणारी, दारू किंवा नशेच्या आहारी गेलेली, घरात मार किंवा अत्याचार सोसणारी. आणखी एक गट शांतपणे निसटतो: आठवडेच्या आठवडे शाळेत न येणारी मुलं. यांना डॉक्टर, समुपदेशक आणि काही वेळा संरक्षण लागतं. तारीख मिळेपर्यंत ॲप सोबत असू दे, पण ‘ॲप दिलंय ना’ म्हणून तारीख पुढे ढकलू नका.

ॲपच बंद पडलं तर?

पडतात. वर ज्याचा उल्लेख केला तो वोबॉट त्याच्या कंपनीनं जून २०२५ च्या अखेरीस बंद केला, आणि तो तर या क्षेत्रातला नावाजलेला होता. म्हणून मुलानं समुपदेशकासोबत तयार केलेली सुरक्षेची योजना (धोक्याची लक्षणं कोणती, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा, कोणते नंबर) फक्त ॲपमध्ये ठेवू नका. एक प्रत कागदावर, एक फोटो फोनच्या गॅलरीत, आणि एक त्या योजनेत ज्यांचं नाव आहे त्या मोठ्या माणसाकडे. ज्यांचं नाव लिहिलंय त्यांना ते माहीत आहे ना, हेही एकदा विचारून घ्या. पुष्कळदा माहीत नसतं.